ओत्सुबोचं नववं प्रकरण

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर वाद नको. 'सातव्या दाराचा पहारेकरी' ज्यांनी फक्त मोबाइलवर बघितलाय, त्यांनी ओत्सुबोबद्दल माझ्यासमोर तोंड उघडू नये. ॲनिमे बघून त्याच्याबद्दल मत देणं म्हणजे लग्नाचा अल्बम बघून जेवण कसं होतं ते सांगणं. आधी पुस्तक वाचा, चौथ्या खंडातलं नववं प्रकरण वाचा, मग या कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात. चहा मी पाजते.

माझं नाव संयोगिता. वय सव्वीस, लग्न झालेलं नाही, आणि आमच्या आईच्या मते त्याला जपान जबाबदार आहे. दिवसभर मी लोकांची टायपिंगची कामं करते, क्लासच्या पोरांच्या नोट्स काढून देते, आणि गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली लाइट नॉव्हेल वाचते. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते, लाइट नॉव्हेल म्हणजे जपानमध्ये तरुण पोरापोरींसाठी लिहिलेली, हातात मावणारी कादंबरी. भाषा सोपी, मधे चार-पाच चित्रं, आणि खपायला लागली की वीस-वीस खंड. मी इंग्रजीतनं वाचते. त्यात फालतूपणा लई असतो, हे कबूल. नायक जेवायला बसला की तीन पानं रस्साच उकळत असतो. पण माणूस गप्प बसलेला असताना त्याच्या डोक्यात काय चाललंय, हे जितकं त्यात कळतं तितकं ॲनिमेत कधीच कळत नाही. ॲनिमेवाले बारा भागांत चार खंड कोंबतात. मारामारीवर पैसा ओततात, आकाश असं रंगवतात की बघत राहावं, आणि गप्प बसलेल्या माणसाचं सगळं कापून टाकतात.

ओत्सुबोचं हेच केलं. ओत्सुबो हा त्या गोष्टीतला खलनायक. डोंगरातल्या एका धरणाला सात दारं, त्यातल्या सातव्या दारावर हा पहारेकरी. पावसाळा तोंडावर आला तरी त्यानं दार उघडलं नाही. वरनं पाणी आलं, धरणाची कड फुटली आणि खालची तीन गावं गेली. नायक त्यातल्याच एका गावचा, म्हणून तो सूड घ्यायला निघतो. पुस्तकात नववं प्रकरण बत्तीस पानांचं आहे आणि ते पुरतं ओत्सुबोच्या तोंडचं आहे. शहरातल्या लोकांनी पाणी धरून ठेवायला सांगितलं होतं, एकानं नाही, सगळ्यांनी, म्हणून त्यानं दार लावून ठेवलं, असं तो सांगतो. ॲनिमेत या बत्तीस पानांच्या जागी ओत्सुबो नुसता हसतो. डोळे लालभडक, पाठीमागं वीज. बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही.

मग मी मराठीतनं चाळीस मिनिटांचा व्हिडिओ केला, 'खलनायक कसा असावा'. दोनशे बारा व्ह्यूज आले, त्यातले तीस माझेच. त्यात मी सांगितलं होतं की ज्याला सगळं जग नष्ट करायचंय तो खलनायकच नव्हे, तो रिकामटेकडा. जग नष्ट करून राहणार कुठं, याचा त्यानं विचारच केलेला नसतो. लहानपणी आई गेली म्हणून वाईट निघाला, हेही मला पटत नाही. आई गेलेली चार माणसं आमच्याच गल्लीत आहेत, चौघंही सकाळी उठून कामावर जातात. खरा खलनायक तो, ज्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. वाचताना आपल्याला त्याचा राग यायच्या ऐवजी स्वतःची भीती वाटली पाहिजे.

हे सगळं मी इतक्या तावातावानं का बोलत होते, ते आमच्या घरात सगळ्यांना कळत होतं. कुणी बोलून दाखवत नव्हतं इतकंच. कारण ओत्सुबो आमच्याच घरात राहत होता. म्हणजे पिराजी मामा.

मामाचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. नदीवर बंधारा आहे, आपल्या कोल्हापूर पद्धतीचा. दगडी खांब आणि खांबांच्या मधे सरकवायच्या फळ्या, त्यांना बरगे म्हणतात. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पाणी अडवायचं, आणि पुढचा पाऊस यायच्या आत सगळे काढून ठेवायचे. काढले की अडवलेलं पाणी निघून जातं. पाऊस लांबला तर उभा ऊस वाळतो, म्हणून दर वर्षी प्रत्येक जण म्हणतो, अजून चार दिवस ठेवा की. बरगे काढायचं-घालायचं काम मामांकडं होतं. चार वर्षांमागं जून कोरडा गेला. दोन्ही काठांची माणसं मामांच्या घरी आली, चार दिवस थांबा म्हणाली, आणि मामा थांबले. त्याच रात्री वरच्या अंगाला पाऊस पडला. लोंढा आला, बरगे जागच्या जागी अडकले, पाण्यानं बंधाऱ्याच्या बाजूनं पलीकडचा काठ कापला. त्या काठावर भाऊसोंचा गोठा होता. सात म्हशी साखळीला बांधलेल्या होत्या, त्या साखळीसकट गेल्या.

भाऊसो म्हणजे मामांचे व्याही. मामांची एकुलती एक मुलगी, माझी मामेबहीण निशिगंधा, वर्षभरापूर्वीच त्यांच्या घरात दिलेली. पंचनाम्याला सगळे जमले तेव्हा मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "मला सगळ्यांनी सांगितलं म्हणून ठेवले. ह्या भाऊसोंनीच हात जोडले." भाऊसो म्हणाले की म्हशी माझ्या गेल्या आणि चोरबी मीच ठरलो काय, आता माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही. बाकीच्यांनी सांगितलंच नव्हतं असं ठरलं. मामांनी गाव सोडलं, आमच्याकडं आले, आणि राजारामपुरीतल्या एका क्लासवर वॉचमन म्हणून लागले. मागनं निशिगंधाला मुलगी झाली. ती आता साडेतीन वर्षांची आहे आणि मामांनी तिला एकदाही कडेवर घेतलेलं नाही. सासू-सासरे शेतात गेले की निशिगंधा दुपारी मोबाइल लावते, तेवढंच. मामा स्क्रीनवर बोट ठेवतात आणि पलीकडं ती पोरगी त्यांना पावणं म्हणते, कारण आजोबा तिला एकच माहीत आहे.

तर चौथा खंड वाचताना मला ओत्सुबोच्या तोंडी मामाच ऐकू आले. मला वाटलं, एवढ्या लांबच्या कुणीतरी आमच्या मामांची बाजू घेतलीय. म्हणून मला ते प्रकरण लोकांना ऐकवायचं होतं. म्हणून ॲनिमेवाल्यांचा एवढा राग.

आणि संधी आली. आमच्या मंडळाचा गणपतीतला सजीव देखावा दर वर्षी असतो. रस्त्यावर स्टेज, गल्लीतलीच पोरं नटलेली, संवाद आधी रेकॉर्ड केलेले, पोरांनी नुसते ओठ हलवायचे. दहा मिनिटांचा खेळ, संध्याकाळभर पुन्हा पुन्हा. मंडळाचा अध्यक्ष सम्राट दादा, गाडीच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे त्याचं. इतिहासातले प्रसंग सगळीकडंच होतात, आपण काहीतरी वेगळं करू, असं तो म्हणाला. पोरं सगळी ॲनिमेवाली, त्यांनी एका आवाजात 'सातवं दार' म्हणून सांगितलं, आणि लिहायचं काम माझ्याकडं आलं.

आता गंमत बघा. जन्मभर मी ॲनिमेवाल्यांना शिव्या घातल्या, आणि मला दहा मिनिटं मिळाल्यावर पहिल्या खर्ड्यात मीच बत्तीस पानांची दीड ओळ केली. पाणी येतंय ते दाखवायला तीन मिनिटं, मारामारीला तीन, आरतीला एक. सम्राट दादा खूश झाला. त्याचं मत असं की व्हिलनला रस्त्यावरनं शिव्या पडल्या पाहिजेत, तरच देखावा गाजतो. मी घरी जाऊन स्वतःवरच चिडले, आणि दुसऱ्या दिवशी मारामारी अर्ध्यावर आणून नववं प्रकरण दोन मिनिटांत बसवून आणलं. दोन तास भांडण झालं. शेवटी सम्राट दादा म्हणाला की तुझ्या नादाला लागण्यापेक्षा विसर्जन लवकर केलेलं परवडलं, घाल काय घालायचं ते.

ओत्सुबो झाला होता गुंडू. तालमीतला गडी, शरीर दारासारखं भक्कम, पण आवाज एकदम बारीक. आवाजासाठी दुसरं कुणीतरी बघणं भाग होतं. मामांचा आवाज मोठा, बंधाऱ्यावर या काठावरनं त्या काठाला हाक मारायची सवय असलेला. मी मुद्दामच त्यांना विचारलं. त्यांच्याच तोंडनं त्यांची बाजू लोकांच्या कानावर जाईल, असं माझ्या डोक्यात होतं. मामा नको नको म्हणत आले.

रेकॉर्डिंग सम्राट दादाच्या दुकानाच्या माळ्यावर होतं. भिंतींना गाद्या लावलेल्या, खाली टायरचा वास. मी मामांच्या हातात कागद दिला. 'मी दार उघडलं नाही, कारण मला सगळ्यांनी सांगितलं होतं. दोष माझ्या एकट्याचा कसा?' मामांनी एकदा वाचलं, चांगलं वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना अडखळले. तिसऱ्यांदा कागद मांडीवर ठेवला.

"संयू, हे खोटं हाय," मामा म्हणाले.

मी म्हटलं, खोटं कसं, तुम्हीच तर पंचनाम्याला हेच बोललात.

"बोललो की. सगळ्यांनी सांगितलं हे खरं हाय. पण म्हणून न्हाय ठेवले मी." मामांनी चष्मा काढला. "दुपारी तीनला मी बंधाऱ्यावर गेलतो. पश्चिमेला ढग काळाकुट्ट. वरच्या अंगाला पडतंय, हे मला कळलं. न कळायला मी काय कालचा हाय? हाताखाली चार गडी हुते, साखळी हुती. अंधार पडायच्या आत निम्मे बरगे निघाले असते. पण त्याच दिवशी सकाळी सगळं गाव माझ्या सोप्यात बसलतं. उभ्या जन्मात माझ्या दारात कोण आलं न्हवतं. भाऊसोसारखा माणूस हात जोडून पिराजीराव म्हणला. बरगे काढले असते तर मी परत नुसता पिराज्या झालो असतो. म्हणून मी घरला आलो आणि चहा पीत बसलो. एवढंच हाय ते."

खरं सांगते, मला आधी रागच आला. ज्या माणसासाठी मी दोन वर्षं सगळ्या जगाशी भांडले, तोच समोर बसून माझं भांडण मोडीत काढत होता. मी म्हणाले, मग आधी का नाही बोललात. मामा म्हणाले की कुणी विचारलंच नाही, तूसुद्धा माझी बाजूच घेत बसलीस.

ते मला लागलं. घरी येऊन मी नववं प्रकरण पुन्हा काढलं. बत्तीस पानं वाचली. वकिलानं लिहून दिल्यासारखं वाटलं मला ते. एवढ्या पानांत ओत्सुबो एकदाही म्हणत नाही की लोक आले, विनवण्या केल्या, आणि त्या दिवशी त्याला बरं वाटलं होतं. ॲनिमेवाल्यांनी ते कापलं ही चूकच, मी ते मत बदलणार नाही. पण लेखकानंही पुरतं सांगितलेलं नव्हतं. माझ्या व्हिडिओतलं वाक्य मला आठवलं, आपणही तेच केलं असतं वगैरे. मी मामांच्या जागी असते तर चहाबरोबर बिस्किटंपण खाल्ली असती. पहिल्यांदा मला मामांची दया नाही आली, त्यांच्याबद्दल आदर वाटला, आणि फार रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मी कागद फाडला. मामांचंच बोलणं घेतलं. बरग्यांच्या जागी दार केलं, भाऊसोंच्या जागी शहरचा कारभारी, पिराज्याच्या जागी नुसता पहारेकरी. ढग आणि चहा तसाच ठेवला. मामांनी एका दमात म्हटलं. सम्राट दादा खाली दुकानात उभा राहून ऐकत होता. वर आला आणि म्हणाला की मारामारी अजून एक मिनिट कमी कर, याला जागा दे.

देखावा सुरू झाला. पहिल्याच दिवशी एक वेगळी गोष्ट दिसली. रस्त्यावरची गर्दी म्हणजे काय गोंगाट, शिट्ट्या, पिपाण्या. पण ती दोन मिनिटं सुरू झाली की गर्दी गप्प व्हायची. कुणीही ओत्सुबोला शिवी घातली नाही. मला वाटलं, झालं, आपलं काम झालं.

गुरुवारी निशिगंधाचा फोन आला. रविवारी संध्याकाळी सगळे देखावे बघायला कोल्हापूरला येतायत, ती, नवरा, पोरगी, आणि भाऊसोपण. तुमच्या मंडळाचा लई गाजलाय म्हणून मामंजींनीच, म्हणजे भाऊसोंनी, तिथं आधी जायचं ठरवलंय, असं ती म्हणाली. आवाज कुणाचा आहे ते तिला माहीत नव्हतं. नावं बदलली होती, पण भाऊसोंना काय कळायचं राहणार होतं? आज उंबरा बंद आहे, उद्या दुपारचा फोनपण बंद होईल. मी मामांना सांगितलं की रविवारपुरता सम्राट दादाचा आवाज घालू, जुना मजकूर मी रात्रीतनं परत टाइप करून देते.

मामांनी विचारलं, "पोरगी येणार हाय?"

मी हो म्हटलं.

"मग ऱ्हाऊ दे ते. हाय तेच लाव," मामा म्हणाले. "चार वर्षं मी त्यांच्याकडं बोट करून बसलोय. कुठंतरी एकदा खरं त्यांच्या कानावर जाऊ दे. मग काय व्हायचं ते हूंदे."

रविवारी साडेसातच्या खेळाला ते आले. भाऊसो पांढऱ्या टोपीत, हात मागं बांधून उभे. नात बापाच्या खांद्यावर. मामा स्टेजच्या मागं, साउंडच्या पेटीजवळ, कनातीला धरून उभे होते. मी स्टेजकडं बघतच नव्हते, मी भाऊसोंकडं बघत होते. पहिलं वाक्य सुरू झालं तशी त्यांची मान वळली. आवाज त्यांनी लगेच ओळखला. निशिगंधानं तोंडावर हात ठेवला. ढगाचं वाक्य आलं, चहाचं आलं, तरी भाऊसो जागचे हलले नाहीत. आरती झाली, लोक पांगायला लागले. मग भाऊसो गर्दीतनं वाट काढत सरळ स्टेजच्या मागं आले.

सम्राट दादा मधे जाऊन उभा राहिला, त्याला वाटलं हाणामारी होणार. मामांनी त्याला बाजूला केलं. हात जोडले. चार वर्षं तोंडपाठ केलेलं सगळं संपलं होतं.

भाऊसोंनी टोपी काढून हातात घेतली.

"ढग मीबी बघितलता, पावणं," भाऊसो म्हणाले.

मामांनी जोडलेले हात खाली घेतले.

"गोठ्याच्या दारात उभा राहून बघितलता. म्हशी सोडायला अर्धा तास लई झाला असता. पण म्हशी हलवल्या असत्या तर मला ढग दिसला हे सगळ्या गावाला कळलं असतं. सकाळी मीच हात जोडून आलतो न्हवं, आता कुठल्या तोंडानं म्हणू बरगे काढा म्हणून. घरात जाऊन पडलो. सातबी म्हशींची नावं घेऊन तुम्हाला शिव्या दिल्या मी चार वर्षं."

पुढच्या खेळाची वेळ झाली होती, समोर गर्दी साठत होती, पोरं खुणा करत होती. मी साउंडच्या पेटीच्या बटणावर बोट ठेवून तशीच उभी होते. सम्राट दादानं मला नको म्हणून मान हलवली.

भाऊसोंनी टोपी परत घातली, जायला वळले, आणि वळता वळता म्हणाले की पोरगी आठ वाजता बालवाडीला जाते, त्याच्या आत यायचं.

"उद्या?" मामांनी विचारलं.

"मग काय दिवाळीला?"

मामा तिथंच केबलींच्या वेटोळ्यावर बसले आणि चारचौघांत रडले. गुंडू ओत्सुबोच्या वेषात त्यांच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन पळत आला. साडेसातनंतरचा खेळ त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा सुरू झाला.